परदेश प्रवासापूर्वीच्या लसी आणि आजारांपासून बचाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेश प्रवास ठरला की लसींबद्दल दोन वेगळे प्रश्न उभे राहतात आणि बहुतेक जण त्यांची गल्लत करतात. विमानतळावरचा अधिकारी कोणतं प्रमाणपत्र मागेल, हा एक. तिथलं पाणी, डास, कुत्री आणि गर्दी यांच्यामुळे मला काय होऊ शकतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर छोटं आहे, दुसऱ्याचं बरंच लांब. खालची माहिती सर्वसाधारण आहे. तुमचं वय, जुने आजार, चालू औषधं आणि प्रवासाचा मार्ग पाहून नेमकं काय घ्यायचं ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

परदेशात जाताना कोणत्या लसी सक्तीच्या असतात?

फारच थोड्या. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ मध्ये, ज्याच्या लसीचं प्रमाणपत्र प्रवेशाची अट म्हणून मागता येईल असा नाव घेऊन सांगितलेला आजार एकच आहे: यलो फिव्हर, म्हणजे पीतज्वर. पूर्वी देवी आणि पटकीची प्रमाणपत्रंही बाळगावी लागत. पटकीची अट १९७३ मध्ये निघाली आणि १९८० मध्ये देवीचं निर्मूलन जाहीर झाल्यावर त्या कागदाची गरज संपली.

याशिवाय काही खास परिस्थितीतल्या अटी आहेत. हज आणि उमराहसाठी सौदी अरेबिया मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या सुजेवरची, लस मागतं. जंगली पोलिओ विषाणू आता फक्त अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात उरला आहे. तिथे ४ आठवड्यांहून जास्त राहिलेल्यांनी देश सोडण्याआधी ४ आठवडे ते १२ महिने या काळात पोलिओचा डोस घेतलेला असावा, अशी शिफारस आहे. या अटी बदलत राहतात. त्यामुळे तिकीट काढल्यावर त्या त्या देशाच्या दूतावासाची ताजी सूचना पाहा. वर्षभरापूर्वी जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबू नका.

सक्तीची लस मुख्यतः त्या देशाला तुमच्यापासून वाचवण्यासाठी असते. तुम्हाला त्या देशातल्या आजारांपासून वाचवणाऱ्या लसींची यादी वेगळी असते आणि ती कोणी काउंटरवर तपासत नाही. ‘तिथे कुठलीच लस लागत नाही’ हे वाक्य व्हिसाच्या बाबतीत खरं असेल, पण त्याच देशात टायफॉइड, कावीळ, रेबीज आणि मलेरिया हे चारही असू शकतात.

मी यलो फिव्हरच्या देशात राहणार नाही, फक्त विमान बदलणार आहे. तरी प्रमाणपत्र लागेल?

लागू शकतं. तुम्ही कुठे चाललात यापेक्षा कुठून येताय हे इथे जास्त पाहिलं जातं. हा आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांत आहे. अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तरी पुढचे अनेक देश प्रमाणपत्र मागतात. आशियात यलो फिव्हर नाही, मात्र तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास तिथल्या उष्ण भागांत आहे. एक आजारी प्रवासी आला आणि त्याला इथला डास चावला तर काय होईल, या भीतीमुळेच आशियाई देश या बाबतीत कडक असतात.

लस घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात धावत जाऊन लस घेणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे, आणि ज्या जुन्या प्रमाणपत्रांवर १० वर्षांची मुदत लिहिली आहे त्यांनाही हे लागू होतं. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. पिवळ्या पुस्तिकेतलं (म्हणजे या प्रमाणपत्रातलं) नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, तारीख, लसीचा बॅच क्रमांक, सही आणि केंद्राचा शिक्का आहे ना, हे केंद्रातून बाहेर पडण्याआधी तपासा. फोनमधला फोटो पुस्तिका हरवल्यास उपयोगी पडेल, पण काउंटरवर मूळ प्रतच दाखवावी लागते.

ही लस कोणी घेऊ नये?

ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात ती तयार केली आणि त्यासाठी १९५१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लस उत्तम आहे, पण सगळ्यांसाठी नाही. ६ महिन्यांच्या आतलं बाळ, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, थायमस ग्रंथीचा आजार असणारे आणि कर्करोगाच्या औषधांमुळे किंवा अन्य कारणाने ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे, त्यांना ती देत नाहीत. ६ ते ८ महिन्यांची बाळं, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि साठीनंतर पहिल्यांदाच लस घेणारे यांच्या बाबतीत धोका आणि फायदा तोलून निर्णय घेतात. साठीनंतरच्या पहिल्या डोसला गंभीर दुष्परिणामांची शक्यता थोडी वाढते.

लस देता येत नसेल तर डॉक्टर वैद्यकीय सूट देणारं पत्र देतात. ते पत्र अधिकाऱ्यासाठी आहे, डासासाठी नाही. साथ चालू असलेल्या भागात तेवढ्या पत्राच्या भरवशावर जाऊ नये. मार्ग बदलता येत असेल तर बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवासाच्या किती आधी डॉक्टरांकडे जावं?

४ ते ६ आठवडे आधी. काही लसींचे एकाहून जास्त डोस असतात आणि प्रत्येकीनंतर शरीराला तयार व्हायला वेळ लागतो. हेपटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) लसीचा नेहमीचा क्रम ०, १ आणि ६ महिने असा आहे, म्हणून परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी तर आणखी आधी सुरुवात करावी.

पुढच्या आठवड्यात निघायचंय. आता उशीर झाला का?

काही लसींना झाला, सगळ्यांना नाही. हेपटायटिस ए (दूषित अन्न-पाण्यातून होणारी कावीळ) लस निघायच्या आदल्या दिवशी घेतली तरी उपयोग होतो, कारण त्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर आजार दिसायला साधारण चार आठवडे लागतात आणि तोपर्यंत लसीचा परिणाम सुरू झालेला असतो. हेपटायटिस बीसाठी ०, ७ आणि २१ दिवसांचा जलद क्रम आहे. त्यात वर्षभराने चौथा डोस घ्यावा लागतो. रेबीजचे प्रतिबंधक डोस ७ दिवसांच्या अंतराने दोन आहेत. मलेरियाच्या काही गोळ्या तर निघायच्या एक-दोन दिवस आधीच सुरू करायच्या असतात. तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका.

लहानपणी सगळ्या लसी घेतल्या आहेत. तरी पुन्हा?

आधी कार्ड शोधा. सापडलं नाही तर नवी लस घेण्याचीच पाळी येते, कारण ‘आईला आठवतंय’ ही नोंद धरता येत नाही.

प्रवाशांनी गोवर फार हलक्यात घेऊ नये. तो हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत संसर्गाची शक्यता राहते. विमानतळ आणि संग्रहालयांच्या रांगा त्याला सोयीच्याच. प्रगत देशांतही गोवराच्या साथी येतात. एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या लसीचे) किमान २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस झालेले हवेत. ६ ते ११ महिन्यांचं बाळ परदेशी न्यायचं असेल तर एक डोस लवकर देतात, पण तो नियमित क्रमात धरत नाहीत. वर्षानंतरचे दोन्ही डोस द्यावेच लागतात.

धनुर्वात आणि घटसर्पाचा बूस्टर दर १० वर्षांनी घ्यायचा असतो, आणि तो मोठ्यांच्या हमखास राहून जातो. फ्लूची लस घेताना गोलार्ध लक्षात ठेवा: दक्षिण गोलार्धात फ्लूचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो आणि उष्ण कटिबंधात तो वर्षभर राहू शकतो. क्रूझवर जाणाऱ्या ज्येष्ठांनी ही लस टाळू नये.

एकाच दिवशी तीन-चार लसी घेतल्या तर चालतं का?

चालतं. दंड दुखेल, थोडी कणकण येईल. गोवर, कांजिण्या, यलो फिव्हर अशा जिवंत विषाणूंच्या टोचून द्यायच्या लसी एक तर एकाच दिवशी घ्यायच्या, नाही तर त्यांच्यात किमान ४ आठवडे जाऊ द्यायचे. यलो फिव्हर आणि एमएमआर या दोन्ही हव्या असतील आणि वेळ असेल, तर काही तज्ज्ञ त्या वेगळ्या ठेवायला सांगतात. एखाद्या लसीचा पुढचा डोस लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस घेऊन पुढे जायचं.

टायफॉइडची लस घेतली की बाहेरचं काहीही खाता येतं?

नाही. टायफॉइडच्या लसीचं संरक्षण अर्धवट असतं आणि भरपूर जंतू पोटात गेले तर तेही कमी पडतं. नेहमीची टोचायची लस किमान २ आठवडे आधी घ्यावी. तिचा परिणाम २ ते ३ वर्षं टिकतो. कॉन्जुगेट प्रकारची (जंतूच्या आवरणातल्या शर्करेला प्रथिन जोडून केलेली) लस जास्त टिकते आणि लहान मुलांनाही देता येते. तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलही काही ठिकाणी मिळतात, पण त्या घेताना अँटिबायोटिक चालू असेल तर लसीतले जिवंत जंतूच मरतात आणि लस वाया जाते.

हेपटायटिस एची लस मात्र या बाबतीत फार भरवशाची आहे. एका डोसने उत्तम संरक्षण मिळतं, आणि ६ ते १२ महिन्यांनी दुसरा घेतला की ते दीर्घकाळ टिकतं.

मी प्राण्यांच्या जवळही जात नाही. मग रेबीजची लस कशाला?

प्राणी तुमच्या जवळ येतात म्हणून. देवळाच्या पायऱ्यांवर पिशवी ओढणारं माकड किंवा सकाळी पळायला निघालेल्यामागे लागलेलं कुत्रं परवानगी विचारत नाही. बालीसारख्या लोकप्रिय बेटावरही २००८ पासून रेबीज आहे. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो. बचावाची सगळी संधी चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळात असते.

आधी लस घेतलेली नसेल आणि प्राणी चावून रक्त आलं, तर लसीच्या डोसांबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. अनेक देशांत ते मोठ्या शहरांतसुद्धा मिळत नाही. ते शोधत दुसऱ्या देशात विमानाने जावं लागलेले प्रवासी असतात. प्रवासाआधी दोन डोस घेतलेले असतील तर इम्युनोग्लोब्युलिनची गरज उरत नाही. चावल्यावर लगेच एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी दुसरा, एवढे दोनच डोस पुरतात. म्हणजे आधी लस घेतली म्हणून चावल्यावर काहीच करायचं नाही असं नव्हे. उपचार सोपा होतो आणि तो जवळच मिळण्याची शक्यता वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन लावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुलांच्या बाबतीत जास्त सावध राहा: ती कुत्र्याला गोंजारायला जातात, चावा चेहऱ्यावर किंवा डोक्यावर बसतो आणि रागावतील म्हणून घरच्यांना सांगत नाहीत. ‘कुणी चाटलं, ओरबाडलं तरी सांगायचं, आम्ही रागावणार नाही’ हे निघण्याआधीच मुलांना सांगून ठेवा.

मलेरियाची लस आली ना? मग गोळ्या कशाला?

आरटीएस,एस ही लस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आणि आर२१ ही २०२३ मध्ये शिफारस केली. दोन्ही मलेरिया असलेल्या भागांत राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत, प्रवाशांसाठी नाहीत. प्रवाशांना गोळ्याच घ्याव्या लागतात.

ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही जोडगोळी निघायच्या १-२ दिवस आधी सुरू करतात, रोज घेतात आणि त्या भागातून बाहेर पडल्यावर ७ दिवस चालू ठेवतात. डॉक्सिसायक्लिनही १-२ दिवस आधी सुरू होतं, पण परतल्यावर ४ आठवडे घ्यावं लागतं. त्याने ऊन जास्त लागतं आणि ते गर्भवतींना आणि लहान मुलांना देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, पण ज्यांना नैराश्य, तीव्र चिंता किंवा फिट्सचा त्रास आहे किंवा पूर्वी होता, त्यांनी ते घेऊ नये. परतल्यावरच्या गोळ्या बहुतेक लोक सोडून देतात. घरी पोहोचलो, आता कुठले डास, असं वाटतं. पण शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाने सोडलेला परजीवी त्या वेळी यकृतात वाढत असतो आणि रक्तात उतरायला त्याला दिवस लागतात.

एकाच देशात राजधानीला धोका नसतो आणि जंगलालगतच्या गावात भरपूर असतो, म्हणून डॉक्टरांना नुसतं देशाचं नाव सांगू नका, मुक्कामाची ठिकाणं सांगा. आणखी एक गोष्ट. मलेरियाच्या देशात जन्मून वर्षानुवर्षं बाहेर राहिलेले लोक सुट्टीत माहेरी, आजोळी जातात तेव्हा गोळ्या घेत नाहीत. ‘आम्हाला सवय आहे’ म्हणतात. ती अर्धवट प्रतिकारशक्ती बाहेर राहिल्यावर ओसरते, आणि बाहेर जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये तर ती कधी नव्हतीच.

डासांपासून बचाव नेमका कसा करायचा?

कोणता डास कधी चावतो ते आधी पाहा. मलेरियाचा ॲनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. भातखाचरं आणि डुकरं असलेल्या भागांत जपानी मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्सही रात्रीचाच. डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी, आणि तो शहरात, हॉटेलच्या बागेतही असतो. म्हणून नुसती मच्छरदाणी डेंगीला पुरत नाही आणि फक्त दिवसा क्रीम लावणं मलेरियाला पुरत नाही.

उघड्या त्वचेला २० ते ५० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन (दोन्ही डास पळवणारी रसायनं) असलेलं क्रीम लावा. डीट ५० टक्क्यांहून जास्त असल्याने परिणाम आणखी टिकत नाही. सनस्क्रीन आधी लावायचं, डासांचं क्रीम त्यावर. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम लावू नका. त्याच्या गाडीला जाळी बांधा. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि मच्छरदाणीवर वापरतात, त्वचेवर नाही.

डेंगी आणि झिकासाठी काय?

डेंगीच्या लसी आहेत, पण प्रत्येक प्रवाशाला त्या देत नाहीत. पूर्वी डेंगी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. डेंगीचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराची लागण जास्त गंभीर होऊ शकते. प्रवासात ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या. डेंगी नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

झिका लैंगिक संबंधांतूनही पसरतो आणि गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो. झिकाच्या भागातून आल्यावर गर्भधारणेसाठी स्त्रियांनी २ महिने आणि पुरुषांनी ३ महिने थांबावं.

प्रवासात पोट बिघडू नये म्हणून काय करावं?

प्रवाशांचा सगळ्यात मोठा आजार हाच. ठिकाण आणि ऋतूनुसार दोन आठवड्यांच्या प्रवासात ३० ते ७० टक्के लोकांना जुलाब होतात. शिजवून गरम वाढलेलं खा, स्वतः सोललेलं फळ खा आणि सीलबंद पाणी प्या. बर्फ बहुतेकांच्या लक्षातून सुटतो. ज्या नळाचं पाणी आपण पीत नाही, त्याच पाण्याचा बर्फ पेल्यात चालतो. दात घासायलाही तेच पाणी वापरतात. सीलबंद पाणी नसेल तर खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट उकळा, २००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं. सॅनिटायझर सोयीचं आहे, पण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसपुढे त्याचा फारसा निभाव लागत नाही, तिथे साबणच हवा.

जुलाब लागले तर सगळ्यात आधी पाणी भरून काढा. ओआरएसची पाकिटं सामानात असू द्या. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड लांबच्या बसप्रवासात सुटका करतं, पण ताप किंवा शौचातून रक्त असेल तर घेऊ नका. लहान मुलांना ते देऊ नये.

अँटिबायोटिक सोबत असलं तरी साध्या जुलाबांना ते घेऊ नका. त्याने आतड्यात औषधांना न जुमानणारे जंतू घर करण्याची शक्यता वाढते. ताप, रक्त किंवा अंथरुणातून उठू न देणारे जुलाब असतील तर डॉक्टरांनी आधी लिहून दिल्याप्रमाणे घ्या.

तळ्यात पोहलं तर काय होतं?

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरासारख्या गोड्या पाण्यात शिस्टोसोमा नावाचा कृमी शाबूत त्वचेतूनही शरीरात शिरतो. त्यावर लस नाही. समुद्र आणि क्लोरीन टाकलेला तलाव या आजारापुरते सुरक्षित आहेत. अशा पाण्यात उतरला असाल तर परतल्यावर डॉक्टरांना सांगा. तपासणी आणि प्राझिक्वांटेल या औषधाचा उपचार सोपा आहे.

हज किंवा उमराहसाठी मेनिंजायटिसची कोणती लस?

ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांवरची, पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी. कॉन्जुगेट लसीचं प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं, पॉलिसॅकराइड (प्रथिन न जोडलेल्या) लसीचं ३ वर्षं. प्रमाणपत्रावर लसीचा प्रकार लिहून घ्या. तिथे उंटांपासून दूर राहा आणि उंटिणीचं कच्चं दूध पिऊ नका. त्यातून मर्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराचा धोका असतो.

गरोदरपणी प्रवास करता येईल का?

येईल, ठिकाण पाहून. जिवंत विषाणूंच्या लसी शक्यतो देत नाहीत. फ्लू आणि धनुर्वाताच्या देता येतात. गर्भवतीला झालेला मलेरिया आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो, त्यामुळे मलेरिया किंवा झिका असलेल्या भागातला टाळता येण्याजोगा प्रवास पुढे ढकलावा.

परत आल्यावर ताप आला तर?

मलेरियाच्या भागातून आला असाल तर, मलेरिया नाही असं तपासणीने सिद्ध होईपर्यंत, तो मलेरियाच समजा. गोळ्या नेमाने घेतल्या असल्या तरी. फाल्सिपॅरम प्रकारचा मलेरिया डास चावल्यानंतर साधारण ७ दिवसांनी किंवा त्यानंतर कधीही दिसतो आणि एक-दोन दिवसांत माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार यकृतात दडून महिन्यांनी उसळतो. त्यामुळे वर्षभर, कोणत्याही तापासाठी दवाखान्यात गेलात की ‘मी अमुक ठिकाणी, अमुक तारखांना होतो’ हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. पहिली रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी ताप असेपर्यंत ती १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा करतात. एका अहवालावर निर्धास्त होऊ नका.

प्रवास संपला, पण लसींचे डोस अर्धवट राहिलेत.

पूर्ण करा. हेपटायटिस एचा दुसरा आणि बीचा शेवटचा डोस घेतला की पुढच्या प्रवासाआधी या दोन्हींचा विचार करावा लागत नाही. आणि रक्तदानाला गेलात तर प्रवासाची ठिकाणं रक्तपेढीला सांगा. मलेरियाच्या भागातून आलेल्यांचं रक्त काही महिने घेत नाहीत.